शिक्का मारलेली खुर्ची

होम थिएटर घरात आलं ते सहा खोक्यांतून, आणि साहेबांनी सगळ्यात आधी काय केलं, तर ती सहाही खोकी घरातल्या वजनकाट्यावर चढवून पाहिली. छापलेल्या वजनात आणि काट्यावरच्या वजनात तीनशे ग्रॅमचा फरक निघाला. साहेबांचा चेहरा उजळला. मग लेकीने दाखवून दिलं की काट्याचा एक पाय पायपुसण्यावर आहे. पायपुसणं काढलं तसा फरकही गेला, आणि साहेब जरा हिरमुसले.

हसू नका. माणूस आयुष्यभर ज्याची सेवा करतो, तेच त्याला जिकडेतिकडे दिसतं. साहेबांनी सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सेवा केली होती. दुकानदाराचा काटा तपासायचा, बरोबर असला तर तार ओवून तिच्यावर शिशाची गोळी दाबायची, गोळीवर शिक्का मारायचा आणि बजावायचं, "आता याला प्रत्यक्ष ब्रह्मदेवानेही हात लावायचा नाही." बाजारात त्यांना शिक्केसाहेब म्हणत, समोर हात जोडून, पाठीमागे दात खाऊन.

तर अशा माणसाला हा शौक कुठून? शौक नव्हताच तो. ताईसाठी होतं सगळं.

ताई साहेबांहून बारा वर्षांनी मोठी. आई आजारी असायची, त्यामुळे साहेबांना न्हाऊ घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. ती अजून त्यांना 'छोट्या' म्हणते, आणि चोपन्न वर्षांचे साहेब अजून 'ओ' देतात. दर सुट्टीत ती आणि भावोजी आठ दिवस राहायला यायचे. गेल्या सुट्टीत मात्र तिसऱ्याच दिवशी तिने बॅग भरली. कान मंदावले होते. यंत्र कानात घातलं की तिला कढईत पाणी पडल्यासारखं होई, म्हणून ते डबीत. सगळे गप्पा मारत, आणि ती मधोमध बसून हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत राही. माणूस देवळात मान डोलवतो ते वेगळं; घरच्या माणसांत नुसती मान डोलवायची, यासारखी शिक्षा नाही.

या वर्षी भावोजींनी फोनवर सांगून टाकलं, "ती नको म्हणतेय. म्हणते, तिथे जाऊन बाहुलीसारखी बसू का?"

साहेबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "भावोजी, तिला सांगा, मी अशी व्यवस्था करतो की घरात बसून तिला शब्दन् शब्द ऐकू येईल. नाही आला तर नाव बदलेन."

भावोजी आत जाऊन, कागदावर लिहून दाखवून परत आले. "येते म्हणाली. पण फक्त दोन दिवस. जमलं तर पुढे बघू."

दोन दिवसांचे आठ करायचे, एवढंच साहेबांचं मागणं होतं. हाताशी दिवस होते बारा.

"एक यंत्र तिच्या डबीत पडलंय, तुम्ही आणखी सहा आणलीत," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला बेरीज पटकन दिसते. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरात ऐकू न येणारी ताई एकटीच होती असं समजू नका.

पहिली अडचण भिंतीची. ध्वनिक्षेपक भिंतीवर टांगायचे तर भोकं पाडायला हवीत, आणि भोकं पाडायला सोसायटीच्या चेअरमनची परवानगी हवी. चेअरमनचं कोपऱ्यावर किराणा दुकान. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी त्याच दुकानातला काटा चाळीस ग्रॅमने खोटा म्हणून जप्त केला होता. तेव्हापासून दोघं जिन्यात भेटले की जिनाच अरुंद व्हायचा.

"भोकं?" चेअरमनने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "किती?"

"दहा."

"व्यास?"

"आठ मिलिमीटर."

"खोली?"

"नव्वद मिलिमीटर."

"तीन प्रतींत अर्ज द्या. सोबत नकाशा. आणि साहेब, ते नव्वद मिलिमीटर ज्या पट्टीने मोजणार, ती पट्टी तपासलेली आहे याचा दाखला जोडा."

साहेब उभ्या उभ्या लाल झाले. पट्टीचा दाखला! त्यांच्याकडे! पण मनातल्या मनात त्यांना कबूल करावं लागलं की प्रश्न नियमाला धरून होता. त्यांनी मुकाट्याने स्वतःच्याच खात्याच्या खिडकीत रांग लावली. खिडकीतल्या कनिष्ठाने साहेबांना ओळखून उभं राहून नमस्कार केला आणि मग साहेबांनीच तयार केलेला चार पानी नमुना त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या पानावरच्या 'अर्जदाराने काहीही गृहीत धरू नये' या वाक्याशी साहेब थबकले. फार कडक लिहिलंय, त्यांना वाटलं. कोणी लिहिलं असावं, हे आठवून ते पुढे सरकले.

परवानगी आली. वायरमनही आला. हा वायरमन म्हणजे मोठा शांत जीव. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "साहेब, भिंत बारीक वाटतेय. साठात थांबू."

"मंजुरी नव्वदची आहे."

"मंजुरी असेल. भिंत नसेल."

"हा बघ नकाशा. साडेचार इंची भिंत. एकशे चौदा मिलिमीटर. सही-शिक्क्याचा नकाशा खोटं बोलेल का?"

वायरमनने वर बघितलं, म्हणजे छताकडे किंवा देवाकडे, आणि यंत्र चालू केलं. पहिलं भोक पुरं होत आलं असेल नसेल तोच पलीकडून आवाज आला, "अहो भावजी! आलं बरं का इकडे!"

यंत्राचं टोक शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, बरण्यांच्या फळीवर निघालं होतं. चहाची बरणी फुटली होती. साहेब धावत गेले. वहिनी भोकापाशी डोळा लावून उभ्या होत्या आणि पलीकडून साहेबांची बायको डोळा लावून उभी होती, आणि दोघींचं त्या भोकातून बरंच सुरळीत बोलणं चाललं होतं. साहेबांनी खिशातून पट्टी काढून भिंत मोजली. पंच्याहत्तर मिलिमीटर. मग पुन्हा मोजली. पंच्याहत्तर. ते वहिनींच्या स्टुलावर मटकन बसले.

चाळीस ग्रॅमसाठी लोकांचे काटे जप्त करणारा माणूस बावीस वर्षं एकोणचाळीस मिलिमीटरने खोट्या घरात राहत होता! आणि त्यानेच त्या घराच्या चार भिंतींत रोज रात्री निर्धास्त झोप काढली होती. देवाच्या दरबारातही असे हिशेब होतात म्हणतात. पण तिथे निदान शेजारच्या वहिनी चहाची पावडर गोळा करत समोर नसतात.

"जाऊ द्या हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "बरणी जुनीच होती. ते भोक मात्र बुजवू नका इतक्यात. तुमचा सिनेमा इकडेही ऐकू येईल."

भोक बुजवलं. उरलेली नऊ भोकं वायरमनने साठाचीच पाडली आणि जाताना एवढंच म्हणाला, "भिंतीला विचारलं की भिंत सांगते, साहेब." साहेबांना त्यावर उत्तर सुचलं, पण ते तीन दिवसांनी, आणि वायरमन पुन्हा आला नाही.

मग आले खालच्या मजल्यावरचे काका. काकांनी तरुणपणी सभांना कर्णे लावण्याचं काम केलं होतं, त्यामुळे आवाज हा विषय आपल्याच मालकीचा आहे अशी त्यांची समजूत. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि डोळे मिटले.

"घुमतंय," ते म्हणाले. "फार घुमतंय. भिंतींना काहीतरी मऊ लावा. गाद्या आहेत?"

गाद्या होत्या. सुट्टीसाठी म्हणून बायकोने माळ्यावरून पाहुण्यांच्या चार गाद्या काढून, उन्हात टाकून, नवे अभ्रे चढवून ठेवल्या होत्या. संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा चारही गाद्या भिंतींना दोरीने बांधून उभ्या होत्या.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलली की लेक पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. "पाहुणे झोपणार कशावर? की त्यांनीही भिंतीला टेकून उभंच राहायचं?"

"सिनेमा संपला की गादी उतरवायची. सकाळी पुन्हा बांधायची. मी गाठींवर क्रमांक टाकलेत."

"आणि भावोजी दुपारी लवंडतात तेव्हा?"

"दुपारची एक गादी उतरवता येईल. डावीकडची. ती काढली तर फक्त चार टक्के जास्त घुमतं."

खरा घोळ मात्र खुर्चीने घातला. त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सतराव्या पानावर लिहिलेलं होतं की, सहाही ध्वनिक्षेपकांचा आवाज जिथे नेमका एकत्र येतो अशी खोलीत एकच जागा असते. श्रोत्याने तिथे बसावं. हे वाचून साहेबांच्या अंगावर काटा आला. एकच जागा! एकच बरोबर बिंदू! सव्वीस वर्षं ते ज्याच्या शोधात होते तो बिंदू त्यांच्याच दिवाणखान्यात होता. दोन दिवस ओळंबा, सुतळी आणि पट्टी घेऊन ते जमिनीवर रांगले. शेवटी खडूने फुली मारली, फुलीवर घरातली सगळ्यात चांगली, हातांची, मऊ पाठीची खुर्ची ठेवली आणि जाहीर केलं, "ही ताईची."

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढला गेला. साहेबांनी खुर्ची मोजली. अकरा सेंटीमीटर डावीकडे. त्यांनी ती परत ठेवली. संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणी आल्या. सात सेंटीमीटर मागे. आवाजाचं बटणही कोणीतरी फिरवलेलं.

"घरात माणसं राहतात, छोटे-मोठे धक्के लागणारच," बायको म्हणाली.

"काट्यालाही धक्के लागतात. म्हणून काय काटा मोकळा सोडतात?"

आणि मग साहेबांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कोणी केलं नसतं. खुर्चीचे चारही पाय त्यांनी लोखंडी पट्ट्या लावून जमिनीला स्क्रूने आवळले. स्क्रूंमधून बारीक तार ओवली. तारेच्या टोकांवर शिशाची गोळी दाबली. तसंच आवाजाच्या बटणाचं. योग्य पातळी यंत्राने मोजून बटण तिथे तारेने जखडलं. रिमोट कपाटात, कपाटाला कुलूप. शिक्का दाबायचा सरकारी चिमटा घरी आणणं त्यांच्या दृष्टीने महापाप, म्हणून या कामासाठी त्यांनी लोहाराकडून स्वतःच्या पैशांनी वेगळा चिमटा करून घेतला होता. एक शिक्का खुर्चीला, एक बटणाला. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, "आता याला प्रत्यक्ष ब्रह्मदेवानेही हात लावायचा नाही."

"मी तर साधी मास्तरीण," बायको म्हणाली आणि केरसुणी खुर्चीच्या भोवतीने फिरवू लागली.

ताई आली. जिना चढून दमली होती, पण दारातच साहेबांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून म्हणाली, "वाळलास रे छोट्या." साहेबांचं वजन मागच्या सुट्टीपेक्षा चार किलोने वाढलं होतं आणि ही मोजलेली गोष्ट होती; पण या एका मापाविरुद्ध त्यांनी कधीच तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पडदे ओढून खेळ ठरला. विनोदी सिनेमा, घरातल्या सगळ्यांच्या आवडीचा. काका आले, वहिनी आल्या. चेअरमनही आला, आवाज नियमापेक्षा मोठा होतो का ते पाहायला आलोय म्हणाला, पण येताना शेंगदाण्यांची पुडी घेऊन आला. सगळे सतरंजीवर, मागे. ताई एकटी पुढे, फुलीवर, सिंहासनावर बसवल्यासारखी.

आणि काय तो आवाज! पडद्यावर पाऊस पडला तर काकांनी डोक्यावर हात धरला. दाराची बेल वाजली तर वहिनी उठून दाराकडे गेल्या. साहेबांची मान ताठ झाली. चेअरमन हळूच म्हणाला, "साहेब, मानलं बरं का." तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकाच पुडीत हात घातला.

पहिला विनोद झाला. मागची सगळी सतरंजी हसून लोळली. ताईने वळून पाहायचा प्रयत्न केला. खुर्चीची पाठ उंच, अंधार, तिला नीट वळता आलं नाही. ती पुन्हा पुढे बघू लागली. दुसरा विनोद झाला. पुन्हा तसंच. तिसऱ्याला तिने वळणं सोडलं, आणि साहेबांना मागून तिची मान दिसली. ती मान डोलत होती. हळू, एका लयीत, हसऱ्या माणसाची डोलते तशी.

ते डोलणं साहेबांनी ओळखलं. गेल्या सुट्टीत तिसऱ्या दिवशी ते असंच होतं.

मध्यंतरात त्यांनी दिवा लावला आणि तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. "ताई, ऐकू येतंय ना?"

ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. "येतंय की रे. केवढा मोठा आवाज! छान केलंयस हो." मग भावोजींकडे पाहून म्हणाली, "सकाळची गाडी कितीची म्हणालात?"



"ताई," बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि ताईच्या नजरेसमोर एकेक शब्द मांडत बोलली, "आवाज येतो. शब्द येतात का?"

 ताईने साहेबांचा हात हातात घेतला. "रागावू नकोस हं छोट्या. मला आवाज पुष्कळ येतो. शब्द मी तोंडाकडे बघून ओळखते. त्या सिनेमातली माणसं पाठ फिरवूनच बोलतात, नाहीतर गाणं सुरू होतं. पण त्याचं काही नाही. मला सिनेमा कशाला हवाय? तुम्ही मागे हसता आणि मी पुढे. कोण कशाला हसलं, काही कळत नाही. मघाशी म्हटलं, जरा खुर्ची वळवून तुमच्याकडे तोंड करावं, तर ही खुर्ची अडकलीय का रे कशात?"

 चेअरमन शेंगदाणा तोंडाशी धरून थांबला.

साहेब खुर्चीच्या पायापाशी गेले. शिक्का चकचकीत होता. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःचा शिक्का स्वतःच्या हाताने कधी तोडला नव्हता. ज्यांनी तोडला त्यांना मात्र त्यांनी कोर्टाची पायरी दाखवली होती. त्यांचा हात खिशातल्या पकडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"साहेब," चेअरमन हळूच म्हणाला, "शिक्का तोडायचा तर दोन पंच लागतात ना? माझ्या दुकानात तुम्ही आणले होते."

"लागतात."

"मग मी आहे. आणि ह्या वहिनी. बॅटरी धरू का?"

त्याने सतरंजीवर बसून, गुडघे कुरकुरत असताना, खाली उजेड धरला. साहेबांनी तार तोडली. कट्. बटणाची तार तोडली. कट्. चेअरमनने दोन्ही गोळ्या उचलून हातावर घेतल्या, उलटसुलट पाहिल्या. "शाबूत होत्या. पंच म्हणून सांगतो. छेडछाड नव्हती." मग म्हणाला, "हेच मी तोडलं असतं तर?"

"दंड झाला असता."

"आणि आता?"

"आता स्क्रू काढायला हात लाव."

स्क्रू निघायला वीस मिनिटं लागली, कारण साहेबांनी ते कायमसाठी आवळले होते. शेवटचा स्क्रू भावोजींनी चमच्याच्या दांड्याने काढला. मग चौघांनी मिळून खुर्ची ताईसकट उचलली, कारण ती उठायला तयार नव्हती. तिला त्याची मजा वाटत होती. खुर्ची वळली. आता ताईची पाठ पडद्याला आणि तोंड सगळ्यांकडे. फुली कुठल्या कुठे राहिली. बायकोने दिवा लावलेलाच ठेवला.

उरलेला सिनेमा कोणीही नीट पाहिला नाही. पडद्यावर काही झालं की सातजण एकदम ताईला सांगत. काका हातवारे करून, वहिनी सिनेमातल्या शेजारणीची नक्कल करून, लेक कागदावर चित्र काढून. चेअरमन चोराची भूमिका करायला चक्क उठून उभा राहिला आणि गादीच्या मागे लपला. गाठ क्रमांक तीन सुटली, गादी आणि चेअरमन दोघेही आडवे झाले. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या तर ती दोघांना थांबवून विचारी, "खरं काय?" आणि मग भांडण लागे, आणि भांडण तिला शब्दन् शब्द कळे, कारण भांडताना सगळेच तोंड मोठं उघडतात.

पडद्यावर गाणी झाली, लग्न झालं, नावं वर सरकू लागली. आवाज एकाच बाजूने येत होता, घुमत होता. साहेबांना तो ऐकूही आला नाही. ते ताईच्या पायापाशी बसले होते, आणि नायिकेने शेवटी कोणाला होकार दिला हे तिला सांगायचं त्यांच्यावर आलं होतं, जे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"थापा मारतोयस," ताई म्हणाली. "डोळ्यात दिसतंय."

"हो."

"मग उद्या पुन्हा हाच लावा. पहिल्यापासून." तिने भावोजींकडे वळून पाहिलं. "आणि अहो, परवासाठी जरा रडका आणायला सांगा. चेअरमन रडताना कसे दिसतात ते बघायचंय मला."